विश्लेषण : बिअरमधील हॉप्स खरेच औषधी असतात का? ‘मोजकी बिअर चांगली’ या समजात तथ्य किती?

हॉप्समधील काही घटकांचे गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत. मात्र बाटलीत ते मिलीग्रॅमच्या अंशाने असतात आणि अल्कोहोल मात्र ग्रॅमने. हृदयविकार, मुतखडा, झोप आणि कर्करोग यांबाबत संशोधन नेमके काय सांगते?

पावसाळ्यात शनिवार-रविवारी चांदणी चौकातून पिरंगुट, पौडमार्गे मुळशी धरण आणि ताम्हिणी घाटाकडे वाहनांची रांग लागते. धरणाकाठच्या रिसॉर्टवर आणि फार्महाउसवर मुक्कामाला येणाऱ्यांत पुण्यातील कुटुंबे असतात, तसेच मुळशी तालुक्यातच मोडणाऱ्या हिंजवडी-माण परिसरातील आयटी कंपन्यांतले तरुणही असतात. अशा अनेक सहलींच्या सामानात बिअर असते. ‘ही काही दारू नाही’, ‘जवापासून बनते’, ‘हॉप्स औषधी असतात’, ‘मुतखडा पडून जातो’, ‘मोजकी घेतली तर हृदयाला चांगली’ अशी कारणेही तयार असतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात या दाव्यांना ‘संशोधनात सिद्ध’ अशी जोड दिलेली असते. यातील काही दाव्यांमागे खरेच संशोधन आहे. मात्र ते कशावर झाले आणि त्यातून काय निघाले, हे त्या मजकुरात नसते.

हॉप्स म्हणजे काय?

हॉप्स ही एक वेल आहे. शास्त्रीय नाव ह्युम्युलस ल्युप्युलस. वनस्पतिशास्त्रात ती भांगेच्या कुळात येते, पण भांगेतील नशा आणणारा घटक तिच्यात नसतो. मादी वेलीला येणारी हिरवी, खवल्याखवल्यांची बोंडे बिअरमध्ये वापरतात. या बोंडांत ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट पूड असते. बिअरचा कडवटपणा आणि वास तिच्यातून येतो. हॉप्समुळे जिवाणूंची वाढ रोखली जाते आणि बिअर टिकते, हे युरोपात मध्ययुगापासून माहीत होते. बव्हेरियात १५१६ मध्ये निघालेल्या फर्मानात बिअरसाठी पाणी, जव आणि हॉप्स एवढ्याच जिनसा मान्य केल्या होत्या.

या वेलीला कडक हिवाळा आणि उन्हाळ्यात १५ तासांहून मोठा दिवस मानवतो. मुळशीत जूनमधला सर्वात मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. त्यामुळे इंद्रायणी भाताच्या या पट्ट्यात हॉप्सची शेती होणे अवघड आहे. भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात तिची लागवड झाली. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’पासून मायक्रोब्रुअरींची सुरुवात झाली आणि ‘आयपीए’सारख्या जास्त हॉप्स घातलेल्या कडवट बिअरची ओळख इथल्या ग्राहकांना झाली. हॉप्सच्या औषधी गुणांची चर्चाही त्यासोबत वाढली.

संशोधनात काय आढळले?

हॉप्समधील तीन प्रकारच्या घटकांवर प्रामुख्याने काम झाले आहे. पहिला झँथोह्युमॉल. पेशींवरील आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचे दाहशामक परिणाम दिसले, तसेच काही कर्करोग पेशींची वाढ मंदावल्याचेही आढळले. ‘बिअर कर्करोग रोखते’ या मजकुराचे मूळ बहुधा इथेच आहे. मात्र काचेच्या बशीतील पेशींवर दिसलेला परिणाम माणसाच्या शरीरात दिसतोच असे नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील संशोधकांनी ३० निरोगी प्रौढांची चाचणी घेतली. त्यात निम्म्यांना आठ आठवडे रोज २४ मिलीग्रॅम झँथोह्युमॉल देण्यात आले. ही चाचणी मुळात सुरक्षितता तपासण्यासाठी होती. एवढी मात्रा शरीराला सहन होते, हा तिचा निष्कर्ष. कोणता आजार बरा झाला, असा नव्हे.

दुसरा प्रकार कडवट आम्लांचा. जपानमधील किरिन या बिअर कंपनीच्या संशोधकांनी ४५ ते ६९ वयोगटातील १०० जणांवर १२ आठवड्यांची चाचणी घेतली. हॉप्सपासून मिळवलेली ही आम्ले रोज ३५ मिलीग्रॅम, अल्कोहोलशिवाय, पूरक म्हणून देण्यात आली. स्मरण आणि अवधानाच्या काही कसोट्यांत सुधारणा दिसली. चाचणी लहान होती आणि संशोधक कंपनीचेच होते, हे लक्षात ठेवूनच तिच्याकडे पाहावे लागते.

तिसरा घटक ८-प्रेनिलनॅरिंजेनिन. हा वनस्पतीतील इस्ट्रोजेनसारख्या घटकांपैकी एक प्रभावी घटक मानला जातो. रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून वाफा येण्याच्या त्रासावर हॉप्सच्या अर्काच्या काही चाचण्या झाल्या. त्यातही अर्क दिला होता, बिअर नव्हे.

मग एका बाटलीत हे घटक किती असतात?

सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. बिअर तयार करताना हॉप्स उकळतात. त्या उष्णतेने बहुतेक झँथोह्युमॉलचे रूपांतर आयसोझँथोह्युमॉल या वेगळ्या संयुगात होते. बाजारातील बहुतेक बिअरमध्ये मूळ झँथोह्युमॉल लिटरमागे ०.२ मिलीग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी उरते.

ओरेगॉनच्या चाचणीतील २४ मिलीग्रॅम मात्रा बिअरमधून मिळवायची तर किती बिअर लागेल? २४ भागिले ०.२ म्हणजे १२० लिटर. ६५० मिलिलिटरच्या बाटल्यांत मोजले तर सुमारे १८५ बाटल्या, त्याही रोज. जास्त हॉप्स घातलेल्या काही बिअरमध्ये हे प्रमाण अधिक असते. ते दहापट धरले, तरी रोजच्या १८ बाटल्या होतात.

याउलट पाच टक्के अल्कोहोलच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे २६ ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे ०.१३ मिलीग्रॅम झँथोह्युमॉलसोबत २६,००० मिलीग्रॅम अल्कोहोल पोटात जाते. त्यामुळे हॉप्सचा अभ्यास हा बिअरच्या बाजूचा पुरावा ठरत नाही.

अल्कोहोलविरहित बिअरच्या प्रयोगांतून काय दिसले?

बिअरमधील उपयोगी घटक वेगळे काढून तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे अल्कोहोल काढलेली बिअर. २००९ च्या म्युनिक मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्या २७७ पुरुषांवर असा प्रयोग झाला. एका गटाने शर्यतीआधी तीन आठवडे आणि नंतर दोन आठवडे रोज एक ते दीड लिटर अल्कोहोलविरहित गव्हाची बिअर घेतली. दुसऱ्या गटाला तशाच चवीचे, पण पॉलिफेनॉल नसलेले पेय दिले. पहिल्या गटात शर्यतीनंतरचा दाह आणि सर्दी-घशाचे आजार कमी आढळले.

पोर्तुगालमधील २०२२ चा प्रयोग आणखी बोलका आहे. १९ निरोगी पुरुषांनी चार आठवडे रोज ३३० मिलिलिटर बिअर घेतली. काहींची अल्कोहोलसह होती, काहींची अल्कोहोलविरहित. आतड्यातील जिवाणूंची विविधता दोन्ही गटांत वाढली. ‘रोज बिअर प्या, आतडी निरोगी ठेवा’ अशा मथळ्यांनी ही बातमी फिरली. प्रत्यक्षात जो काही लाभ होता, त्यासाठी अल्कोहोलची गरज पडली नाही, हा तिचा खरा अर्थ. शिवाय १९ जणांच्या प्रयोगावरून सर्वांसाठी सल्ला देता येत नाही.

‘मोजकी पिणाऱ्यांना हृदयविकार कमी’ हे कुठून आले?

अनेक दशकांच्या सर्वेक्षणांत एक नमुना दिसत होता. खूप पिणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त, हे अपेक्षितच. पण अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा थोडी पिणाऱ्यांत ते किंचित कमी दिसे. आलेखावर ही रेषा इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी दिसते. त्यावरून मोजके मद्य हृदयाला चांगले, हा समज रुजला.

या आलेखातील अडचण ब्रिटनमधील संशोधकांनी १९८८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये दाखवली होती. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात असे अनेक जण होते, जे आधी पीत होते आणि आजारपणामुळे सोडून बसले होते. आजारी माणसे न पिणाऱ्यांच्या रकान्यात मोजली गेली की पिणारे आपोआप निरोगी दिसतात. शिवाय पाश्चात्त्य देशांत मोजकी पिणारी मंडळी अनेकदा सधन असतात. त्यांचा आहार, व्यायाम आणि उपचारांची सोय बरी असते. हा लाभ मद्याच्या नावावर जमा होतो.

नव्या अभ्यासांनी काय बदलले?

२०१९ मध्ये चीनमधील पाच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीतून एक महत्त्वाचा निष्कर्ष आला. पूर्व आशियातील अनेकांमध्ये अल्कोहोल न सोसणारी जनुकीय रचना जन्मतःच असते. ही रचना सधन-निर्धन पाहून ठरत नाही. त्यामुळे ती एखाद्या नैसर्गिक चिठ्ठीसारखी काम करते. नेहमीच्या पद्धतीने पाहता मोजकी पिणाऱ्यांत पक्षाघात कमी दिसला. जनुकांच्या आधारे पाहिल्यावर मात्र तो लाभ नाहीसा झाला आणि अल्कोहोलच्या प्रमाणाबरोबर धोका वाढत गेला.

२०२३ मध्ये १०७ अभ्यास आणि सुमारे ४८ लाख लोकांच्या नोंदी एकत्र तपासण्यात आल्या. आधी पिऊन सोडलेल्यांसारख्या त्रुटी दुरुस्त केल्यावर, कमी पिणाऱ्यांचा मृत्यूचा धोका आयुष्यभर न पिणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी आढळला नाही. त्याच वर्षी जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येणार नाही, अशी भूमिका जाहीर केली.

अर्थात, सर्व तज्ज्ञांचे एकमत आहे असे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील नॅशनल अकॅडमीजच्या समितीने, कधीच न पिणाऱ्यांच्या तुलनेत मोजकी पिणाऱ्यांत एकूण मृत्यूंचे प्रमाण कमी आढळल्याचे म्हटले. मात्र महिलांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचेही त्याच अहवालात आहे. वादाचा निकाल लावण्यासाठी अमेरिकेत ७,८०० जणांवर मोठी चाचणी होणार होती. तिच्या निधीत मद्य कंपन्यांचा वाटा असल्याचे आणि संशोधकांचा त्या कंपन्यांशी संपर्क झाल्याचे उघड झाल्यावर जून २०१८ मध्ये ती बंद करण्यात आली.

तरुणांबाबत चित्र अधिक स्पष्ट आहे. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक विश्लेषणानुसार १५ ते ३९ या वयात मद्यामुळे आरोग्याला लाभ होत नाही, धोके मात्र असतात. ज्या थोड्याफार लाभाची शक्यता वर्तवली जाते, ती ४० वर्षांपुढील लोकांबाबत.

महाराष्ट्रातील संशोधन काय सांगते?

अल्कोहोलचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ पासून कर्करोगाच्या सिद्ध कारणांच्या पहिल्या गटात केला आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि महिलांचे स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. बिअर, वाइन आणि व्हिस्कीत अल्कोहोल एकच असते. शरीरात त्याचे ॲसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशींतील डीएनएला इजा करते.

नवी मुंबईतील खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधकांचा या विषयावरील अभ्यास डिसेंबर २०२५ मध्ये ‘बीएमजे ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० ते २०२१ या काळात गालाच्या आतील अस्तराचा कर्करोग झालेले १,८०३ पुरुष आणि हा आजार नसलेले १,९०३ पुरुष यांची त्यात तुलना केली आहे. न पिणाऱ्यांपेक्षा पिणाऱ्यांत या कर्करोगाचा धोका ६८ टक्क्यांनी जास्त आढळला. दिवसाला सरासरी ९ ग्रॅम अल्कोहोलशी सुमारे ५० टक्के वाढीव धोका निगडित होता. बिअरमधून जाणारे अगदी थोडे अल्कोहोलही वाढीव धोक्याशी जोडलेले दिसले. देशातील अशा ६२ टक्के कर्करोगांमागे अल्कोहोल आणि चघळण्याची तंबाखू यांची जोडी असू शकते, असा संशोधकांचा अंदाज आहे. अल्कोहोलने तोंडातील अस्तराची रोधक्षमता कमी होते आणि तंबाखूतील घातक द्रव्ये आत शिरायला वाट मिळते, असे त्यामागचे स्पष्टीकरण दिले जाते.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तंबाखू-चुना आणि मावा यांचा वापर थांबलेला नाही. बिअरबद्दलचे बहुतेक ‘चांगले’ निष्कर्ष युरोप-अमेरिकेतील लोकांवरचे आहेत. तिथे तंबाखू चघळण्याची सवय इथल्यासारखी सर्रास नाही. त्यामुळे ते निष्कर्ष मुळशीच्या किंवा मावळच्या माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

‘मोजकी’ म्हणजे नेमकी किती?

जागतिक आरोग्य संघटना एका प्रमाणित पेयात १० ग्रॅम अल्कोहोल धरते. भारतातील नियमांनुसार पाच टक्क्यांपेक्षा जास्त आणि आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर ‘स्ट्राँग’ ठरते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँगचाच वाटा मोठा आहे. आठ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे ‘एकच बिअर’ म्हणून घेतलेली ही बाटली चार पेयांइतकी होते. त्यातील अल्कोहोलच्याच सुमारे २८५ कॅलरी असतात. चखणा वेगळा.

टाटा मेमोरियलच्या अभ्यासातील ९ ग्रॅमचा आकडा आठवड्यात मांडला तर ६३ ग्रॅम होतो. स्ट्राँग बिअरच्या दीड बाटलीत तेवढे अल्कोहोल असते. आठवडाभर न पिता शनिवारी दोन बाटल्या घेणारा माणूस स्वतःला ‘कधीतरी पिणारा’ म्हणत असला, तरी सरासरीने तो या आकड्याच्या पुढे गेलेला असतो. एकाच बैठकीत जास्त पिण्याचे धोके आणखी वेगळे.

बिअरने मुतखडा पडतो का?

आपल्याकडे हा सर्वात घट्ट रुजलेला समज आहे. फिनलंडमधील मध्यमवयीन, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या १९९९ मधील अभ्यासात बिअर पिणाऱ्यांमध्ये मुतखड्याचे प्रमाण कमी आढळले होते, हे खरे. पण तो खडा नव्याने होण्याबाबतचा आकडा आहे. झालेला खडा बिअरने विरघळल्याचे त्यात कुठेही नाही. बिअरने लघवी वाढते, एवढाच त्यातील खरा भाग. तेच काम पाण्याने होते.

उलट बिअरमधील प्युरिनमुळे रक्तातील युरिक ॲसिड वाढते. गाउट म्हणजे सांध्यांच्या दुखण्याशी सर्व मद्यांमध्ये बिअरचा संबंध सर्वात ठळक आहे. युरिक ॲसिडचे खडे असणाऱ्यांना बिअर घातकच. खडा मूत्रनलिकेत अडकला असताना लघवीचा दाब वाढला, तर वेदना वाढतात. ताप, उलट्या किंवा लघवी अडणे ही लक्षणे असतील तर पौडचे ग्रामीण रुग्णालय असो की पुण्यातील दवाखाना, तातडीने तिथे पोहोचणे गरजेचे असते.

बिअरने झोप चांगली लागते का?

युरोपीय औषध संस्थेने सौम्य ताण आणि झोपेसाठी हॉप्सच्या वापराला पारंपरिक औषध म्हणून मान्यता दिली आहे. ही मान्यता दीर्घकालीन वापरावर आधारलेली आहे आणि ती हॉप्सच्या बोंडांच्या औषधी वापरापुरती आहे. बिअर पिऊन डोळा लवकर लागतो तो प्रामुख्याने अल्कोहोलने. रात्रीच्या उत्तरार्धात तेच अल्कोहोल झोप मोडते, स्वप्नांच्या टप्प्याची झोप कमी करते आणि घोरणे वाढवते. झोपेची गोळी चालू असलेल्यांनी तर दोन्ही एकत्र घेऊच नये.

परतीच्या रस्त्याचे काय?

मोटार वाहन कायद्यातील कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ७० किलो वजनाच्या पुरुषाने स्ट्राँग बिअरची एक बाटली लवकर संपवली तर ढोबळ हिशेबाने हे प्रमाण ८० मिलीग्रॅमच्या घरात जाते. शरीर तासाला साधारण १५ मिलीग्रॅम या वेगानेच ते कमी करते. म्हणजे मर्यादेखाली यायला तीन ते चार तास लागतात. चहा, लिंबू-पाणी किंवा गार पाण्याची अंघोळ यांनी हा वेळ कमी होत नाही. वजन कमी असेल किंवा पिणारी स्त्री असेल, तर प्रमाण आणखी वर जाते. ताम्हिणीची वळणे, पावसातले धुके आणि निसरडा रस्ता यांत तर मर्यादेच्या आतही धोका असतोच.

मग काय लक्षात ठेवावे?

भारतातील अन्न सुरक्षा नियमांनुसार ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेल्या पेयावर आरोग्यविषयक दावा करता येत नाही. उलट मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा इशारा छापावा लागतो. बाटलीवर जो दावा छापायला बंदी आहे, तोच व्हॉट्सॲपवर फिरत असतो.

जो पीत नाही, त्याने आरोग्यासाठी सुरुवात करावी, असा सल्ला आजचा कोणताही पुरावा देत नाही. जो पितो, त्याच्यासाठी जितके कमी तितका धोका कमी. बाटल्या मोजण्याऐवजी अल्कोहोलचे ग्रॅम मोजावेत. मिलिलिटरला अल्कोहोलच्या टक्केवारीने गुणायचे, शंभराने भागायचे आणि पुन्हा ०.८ ने गुणायचे, की ग्रॅम मिळतात. तंबाखू चघळणाऱ्यांनी बिअरला सौम्य समजू नये. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे असे काही दिसल्यास तपासणी लांबवू नये. गरोदरपणात, यकृताच्या आजारात आणि मधुमेह, रक्तदाब किंवा मनोविकाराची औषधे सुरू असताना डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. चवच हवी असेल तर अल्कोहोलविरहित बिअर आता सहज मिळते. मात्र तिच्यातही साखर आणि कॅलरी असतात, त्यामुळे लेबल वाचूनच ती घ्यावी.